दोन वर्षं तिकडे, मग कुठेही: ऑस्ट्रेलियाच्या 'रिजनल' व्हिसाची जुनी गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतेय. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे काढलेत, सगळे नाही.

साताऱ्याहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. "ताई, मी वेल्डर आहे, आयटीआय झालंय, सहा वर्षांचा अनुभव आहे. ऑस्ट्रेलियात रिजनल स्पॉन्सरशिपवर गेलो तर पीआर मिळते ना? एक एजंट गॅरंटी देतोय."

आता हा इतिहासाचा पॉडकास्ट. व्हिसाचा सल्ला देणं माझं काम नाही. पण 'गॅरंटी' हा शब्द ऐकून मी दचकले, कारण आमच्या घरात तो शब्द साडेतीन लाखांना पडला होता. माझा मामेभाऊ कराडजवळचा. डिझेल मेकॅनिक. ऊसतोडणीचे हार्वेस्टर आणि ट्रॅक्टर उघडून बसणारा माणूस. त्याला एका एजंटाने लेटरहेडवर छापलेलं 'जॉब ऑफर' दिलं, मामाने ठेव मोडली, आणि नंतर कळलं की त्या पत्त्यावर कसलंच गॅरेज नाही. एजंटाचा फोन बंद. मामी अजून त्या दिवसाबद्दल बोलत नाही.

तरी भाऊ गेला. दुसऱ्यांदा, नीट कागद करून, खऱ्या मालकाकडे. सिडनीपासून गाडीने सहा तासांवरच्या गावात तो आता शेतीची यंत्रं दुरुस्त करतो. त्याच्याबद्दल शेवटी सांगते, कारण त्याची गोष्ट अजून संपलेली नाही. आधी हे 'रिजनल' प्रकरण आलं कुठून ते बघू. मला वाटत होतं ही अलीकडची स्कीम असेल. खोदत गेले तर १९४७ पर्यंत पोचले, आणि तिथूनही मागे.

सुरुवात १९०१ पासून करू. त्या वर्षी एक जानेवारीला ऑस्ट्रेलियातल्या सहा वसाहती एकत्र येऊन एक देश झाला, आणि नव्या संसदेने त्याच वर्षी इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन ॲक्ट केला. गोऱ्यांशिवाय कुणी नको, हा हेतू. पण कायद्यात तसं लिहिलं तर ब्रिटिश साम्राज्यातल्या भारतीय प्रजेचं काय करायचं, जपानला काय वाटेल, असे प्रश्न होते. म्हणून त्यांनी युक्ती काढली ती श्रुतलेखनाची. हो, शाळेतलं शुद्धलेखन! बंदरावरचा अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा वाचणार, तुम्ही लिहायचा. भाषा कुठली? कोणतीही युरोपीय. तुम्हाला इंग्रजी येतं असं दिसलं तर अधिकारी दुसरी भाषा निवडू शकत होता. १९०९ नंतर या परीक्षेत कुणीही पास झालं नाही. परीक्षा पास होण्यासाठी नव्हतीच.

यातला सगळ्यात अजब किस्सा १९३४ चा. एगॉन किश नावाचा प्राग शहरातला पत्रकार, नाझींच्या विरोधात बोलायला ऑस्ट्रेलियात आला. सरकारला तो नको होता. मेलबर्नला त्याला उतरू देईनात, तर पठ्ठ्याने जहाजावरून धक्क्यावर उडी मारली आणि पाय मोडून घेतला. पुढे सिडनीत त्याची परीक्षा घेतली. त्याला अनेक युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून उतारा दिला स्कॉटिश गेलिकमध्ये. तो अर्थातच नापास झाला. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कोर्टाने ठरवलं की या कायद्याच्या अर्थाने स्कॉटिश गेलिक ही युरोपीय भाषा धरता येणार नाही. स्कॉटलंडच्या लोकांना काय वाटलं असेल ते सोडा. ही परीक्षा कायद्यातून गेली ती १९५८ मध्ये.

तर दार असं बंद होतं. ते किलकिलं झालं दुसऱ्या महायुद्धाने. जपानी बॉम्ब डार्विनवर पडले होते. सत्तर-पंच्याहत्तर लाखांचा देश, आणि किनारा एवढा मोठा. १९४५ मध्ये तिथे पहिल्यांदा इमिग्रेशनचं वेगळं खातं निघालं, मंत्री झाले आर्थर कॉलवेल. माणसं वाढवा नाहीतर देश जाईल, असा त्यांचा एकूण सूर. आधी ब्रिटनमधून माणसं आणायची ठरली, प्रौढाला दहा पौंडांत प्रवास. पण जहाजं कमी आणि माणसंही पुरेनात. तेव्हा नजर गेली युरोपातल्या निर्वासित छावण्यांकडे. युद्धाने घरदार गेलेले, परत जायला देश न उरलेले लाखो लोक तिथे पडून होते.

इथे आपल्या गोष्टीचं मूळ आहे. सरकारने या लोकांना सांगितलं: फुकट नेतो, राहू देतो, पण दोन वर्षं आम्ही सांगू तिथे, आम्ही सांगू ते काम करायचं. दोन वर्षांनंतर तुम्ही मोकळे.

नोव्हेंबर १९४७ मध्ये पहिलं जहाज आलं, जनरल स्टुअर्ट हाइन्ट्झेलमन. त्यावर लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनियाची तरुण मंडळी. मुद्दाम गोरी, सोनेरी केसांची, धडधाकट निवडलेली, म्हणजे ऑस्ट्रेलियन जनता कुरकुरणार नाही. त्यांना नेलं बोनेगिला नावाच्या छावणीत. ऑल्बरी-वोडोंगाजवळची, लष्कराने वापरलेली जागा, थंडीत गारठवणाऱ्या आणि उन्हात तापणाऱ्या खोल्या. जेवणात मटण, पुन्हा मटण, आणि परत मटण. (आपल्याकडे कोल्हापुरात कुणी तक्रार केली नसती, पण ते मटण तसलं नव्हतं.) १९७१ ला ही छावणी बंद होईपर्यंत तीन लाखांहून जास्त माणसं तिथून गेली.

छावणीत कामाची चिठ्ठी मिळायची. पुरुष असाल तर 'मजूर', बाई असाल तर 'घरकाम'. तुम्ही डॉक्टर होता की इंजिनिअर, याला किंमत नव्हती. युरोपात शस्त्रक्रिया केलेली माणसं ऊस तोडायला, रेल्वेचे रूळ टाकायला, लाकूड कापायला गेली. अशी सुमारे एक लाख सत्तर हजार माणसं आली. त्यांना पाठवलं जायचं तिथेच, जिथे स्थानिक माणूस जायला तयार नसायचा.

हे ऐकून तुम्हाला गडचिरोली आठवलं की नाही? मला आठवलं. आपल्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्षाचा बाँड असतो, आणि नोकरशाहीत 'गडचिरोलीला बदली' ही धमकी म्हणून वापरतात. माणूस स्वतःहून जात नाही तिथे त्याला कागदाने बांधून पाठवायचं, ही कल्पना कुठल्या एका देशाची नाही.

काही जणांनी मला विचारलं, मग हे गिरमिटच ना? गिरमिट म्हणजे बेळगाव-हुबळीकडचा चिरमुऱ्यांचा नव्हे, 'ॲग्रीमेंट'चा अपभ्रंश झालेला. १८३४ नंतर त्या करारांवर भारतातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांत माणसं गेली, त्यांत आपल्या कोकणातलेही होते, त्यांची मराठी वंशपरंपरा मॉरिशसमध्ये आजही आहे. मला विचाराल तर नाही, हे गिरमिट नव्हे. बोनेगिलातल्या माणसाला इतर कामगारांइतकाच पगार होता, युनियनमध्ये जाता येत होतं, आणि दोन वर्षांनी तो खरंच कुठेही जाऊ शकत होता. तरीही मधली रचना ओळखीची वाटते, हे नाकारता येत नाही.

आणि बोनेगिलात सगळं गोडीगुलाबीने चाललं असंही नाही. १९५२ मध्ये तिथल्या इटालियन लोकांनी निदर्शनं केली. ते निर्वासित नव्हते, सरकारी करारावर कामासाठी आले होते आणि काम मिळेना म्हणून छावणीत अडकले होते. १९६१ मध्ये परत तेच, या वेळी जर्मन आणि इटालियन. कामाचं आश्वासन देऊन आणलंत, आता काम द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

जिथे काम भरपूर होतं ती जागा म्हणजे स्नोई माउंटन्स. १९४९ ते १९७४, पंचवीस वर्षं चाललेला प्रकल्प: सोळा धरणं, सात वीजकेंद्रं, सुमारे १४५ किलोमीटर बोगदे. एक लाखाहून जास्त माणसांनी तिथे काम केलं, तीसपेक्षा जास्त देशांतली, त्यांतली दोन-तृतीयांश स्थलांतरित. कालपरवापर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणारे जर्मन आणि पोलिश एकाच बोगद्यात सुरुंग लावत होते. १२१ माणसं मेली. कोयनेच्या बोगद्यांत काम केलेल्यांच्या घरचे हे ऐकत असतील तर त्यांना वेगळं सांगायला नको. कूमा नावाचं तिथलं गाव तेव्हा एकदम जगभरचं झालं, अजून तिथे कामगारांच्या देशांचे झेंडे रांगेने लावलेले आहेत.

पण या सगळ्यात आपण कुठे? आपण नव्हतोच. दार उघडलं होतं ते युरोपीयांसाठी. त्या काळात ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात जे थोडे भारतीय होते, ते १९०१ च्या आधी आलेले किंवा त्यांच्या घरातले. त्यांत पंजाबी शीख मुख्य. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर वूलगूल्गा नावाचं गाव आहे. ऊसतोडणीला फिरणारे शीख १९४० च्या दशकात तिथे केळीच्या बागांमध्ये स्थिरावले, हळूहळू जमिनी घेतल्या. १९६८ मध्ये तिथे ऑस्ट्रेलियातला पहिला गुरुद्वारा उघडला. सिडनीत नाही, मेलबर्नमध्ये नाही, केळीच्या गावात! त्यांना तिथे राहा असं कुठल्याही व्हिसाने सांगितलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

१९६६ मध्ये गोष्ट बदलायला लागली. मार्चमध्ये इमिग्रेशन मंत्री ह्युबर्ट ऑपरमन यांनी जाहीर केलं की उपयोगी शिक्षण-कौशल्य असलेल्या बिगर-युरोपीय लोकांचेही अर्ज बघू. हे ऑपरमन म्हणजे तरुणपणी जगप्रसिद्ध सायकलपटू, हे मला वाचताना फार आवडलं. त्याच वेळी बिगर-युरोपीयांना नागरिकत्वासाठी जी पंधरा वर्षं थांबावं लागायचं, ती पाच केली. पुढे १९७३ मध्ये व्हिटलम सरकारने वंश हा निकषच काढून टाकला, १९७९ मध्ये गुण देऊन निवडायची पद्धत आली. वय, भाषा, कौशल्य. मग पुण्या-मुंबईचे डॉक्टर, इंजिनिअर जायला लागले. ते उतरले कुठे? सिडनी आणि मेलबर्न. ज्याच्या हातात गुण आहेत तो आडगावात कशाला जाईल.

आणि आडगावं तर रिकामी होत होती. तिथली पोरं शहरात जायची, दवाखान्याला नर्स मिळेना, ट्रॅक्टर बिघडला तर मेकॅनिक दोनशे किलोमीटरवर. म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यावर रिजनल स्पॉन्सर्ड मायग्रेशन स्कीम आली. पुढे तिला १८७ हा नंबर मिळाला, आणि कन्सल्टन्सीच्या बोर्डांवर तुम्ही तो पाहिला असेल. मोठी शहरं सोडून बाकीच्या भागातल्या मालकाने सांगायचं की मला इथे माणूस मिळत नाही, स्थानिक संस्थेने तपासून दुजोरा द्यायचा, नोकरी किमान दोन वर्षांची पाहिजे, आणि मग कामगाराला व्हिसा.

दोन वर्षं! १९४७ चाच आकडा. फरक दोन होते. एक, सरकारऐवजी आता मालक. बोनेगिलात तुम्हाला सरकारने बांधलेलं असायचं, इथे गॅरेजवाल्याने किंवा मोटेलवाल्याने. दुसरा फरक कामगाराच्या बाजूचा: १८७ मध्ये पीआर पहिल्याच दिवशी मिळायची. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर सरकार व्हिसा रद्द करू शकत होतं, पण तुम्ही खरोखर प्रयत्न केला होता हे दाखवलं तर सूट होती. म्हणजे सरकार आधी विश्वास टाकायचं, मग बघायचं.

त्या विश्वासाचा गैरफायदा दोन्ही बाजूंनी घेतला गेला. काही जण व्हिसा मिळाला की सिडनीची बस पकडायचे. दुसऱ्या बाजूला काही मालक स्पॉन्सरशिपचे पैसे मागायचे, किंवा खात्यात पूर्ण पगार टाकून रोख परत घ्यायचे. स्पॉन्सरशिपसाठी पैसे देणं-घेणं बेकायदा ठरलं ते डिसेंबर २०१५ मध्ये. हे साताऱ्याच्या मित्राने दोनदा वाचावं.

आता २०१९. सरकारने वर्षाला कायम व्हिशांची मर्यादा १ लाख ९० हजारांवरून १ लाख ६० हजारांवर आणली, आणि त्यांतल्या २३ हजार जागा रिजनलसाठी वेगळ्या काढल्या. शहरांतली गर्दी कमी करायची, हे कारण दिलं. १६ नोव्हेंबर २०१९ ला १८७ बंद झाला आणि त्याच्या जागी आला ४९४. (त्याच दिवशी ४९१ सुद्धा, तो राज्याने किंवा नातेवाइकाने पुरस्कृत करायचा, त्यावर कधीतरी वेगळा भाग.) ४९४ पाच वर्षांचा, तात्पुरता. रिजनल भागातच राहायचं, स्पॉन्सर केलेल्या मालकाकडेच काम करायचं, तीन वर्षं काढायची, तीन वर्षांचे टॅक्सचे कागद जमवायचे, आणि मग १९१ नावाच्या पीआरसाठी अर्ज करायचा.

बघा, काय उलटलं ते. आधी पीआर हातात देऊन दोन वर्षं मागायचे. आता तीन वर्षं आधी मागतात आणि पीआर नंतर. अटी जवळजवळ त्याच आहेत, फक्त क्रम फिरवलाय, आणि क्रम फिरला की कुणी कुणावर विश्वास ठेवायचा हेही फिरतं. सरकारची बाजू मला कळते. माणूस पळून जाऊ नये एवढंच त्यांना हवंय. पण पीआर आणि तुमच्यामध्ये तीन वर्षं एकच मालक उभा असेल, तर त्या मालकाला तुम्ही नाही कधी म्हणणार? रविवारी बोलावलं तरी नाही म्हणता येत नाही.

थोडी सुधारणाही झाली, ती सांगायला हवी. स्पॉन्सर केलेल्या कामगारांच्या किमान पगाराची रेषा २०१३ पासून ५३,९०० डॉलरवर गोठलेली होती. दहा वर्षं! २०२३ मध्ये ती ७०,००० केली. आणि जुलै २०२४ पासून, नोकरी सुटली तर नवा मालक शोधायला पूर्वीच्या ९० दिवसांऐवजी सलग १८० दिवस मिळतात. मोठ्या शहरात कुणाला हा बदल किरकोळ वाटेल. जिथे गावात गॅरेजच दोन आहेत, तिथे तो श्वास घेण्याइतका महत्त्वाचा आहे.

माणसं टिकतात कशाने, हा प्रश्न उरतोच. मेलबर्न-ॲडलेड रस्त्यावर नील नावाचं दोन-एक हजार वस्तीचं गाव आहे. २०१० च्या आसपास तिथल्या बदकपालन कंपनीला कामगार मिळेनात, तेव्हा म्यानमारमधून आलेली करेन निर्वासित कुटुंबं तिथे गेली. त्यांचा व्हिसा त्यांना नीलला बांधत नव्हता, कधीही निघून जाता आलं असतं. पण गावाने घरं शोधून दिली, शाळेने मुलं सामावून घेतली, आधी काहीच जण आले होते, मग नातेवाईक आले. वूलगूल्गाच्या शिखांचं तेच. जमीन घेतली, गुरुद्वारा बांधला, पोरं शाळेत गेली. मला या दोन गावांची उदाहरणं त्या २३ हजारांच्या आकड्यापेक्षा जास्त काही सांगतात. अर्थात आणखी एक गोष्ट खरी आहे, की अशी गावं फार नाहीत.

आता माझा भाऊ. त्याला ४९४ मिळून अडीच वर्षं झालीत. वहिनी आणि मुलगी नंतर गेल्या. मुलगी स्कूल बसने चाळीस मिनिटांवरच्या शाळेत जाते आणि तिकडच्या पोरांसारखं इंग्रजी बोलते, मामीला फोनवर निम्मं कळत नाही. टॅक्सची दोन वर्षं झाली, तिसऱ्याची नोटीस यायची आहे. मालक चांगला माणूस. पहिल्या दिवाळीला स्वतःहून सुट्टी दिली, वहिनीने पाठवलेल्या चकल्या खाऊन डबा धुऊन परत केला.

पण मालक अडुसष्ट वर्षांचा आहे. त्याची दोन्ही मुलं शहरात, त्यांना गॅरेज नकोय. गेल्या महिन्यात त्याने भावाला बसवून सांगितलं की धंदा विकायचा विचार चाललाय. गिऱ्हाईक मिळालं तर नव्या मालकाला भावाला नव्याने स्पॉन्सर करावं लागेल. गिऱ्हाईक नाही मिळालं आणि शटर पडलं, तर १८० दिवस सुरू.

भावाने रात्री फोन केला होता. तिकडे रात्र, इथे दुपार. म्हणाला, "अक्का, म्हाताऱ्याला मीच म्हटलं, विकायचंच तर मला विका. हप्त्याने देतो."

मी विचारलं, तात्पुरत्या व्हिसावर असं घेता येतं का? आणि स्वतःच्याच गॅरेजमध्ये तू स्वतःला स्पॉन्सर करणार कसा?

"ते वकिलाला विचारायचंय," म्हणाला. "म्हातारा म्हणतोय, मग तुझी पीआर येईपर्यंत मी थांबतो. पण त्याचा गुडघा थांबतोय का बघायचं."

साताऱ्याच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इतकंच देऊ शकते. ती गॅरंटी देणाऱ्या एजंटाला विचार की तो ऑस्ट्रेलियात नोंदणी झालेला आहे का, आणि त्याचा नोंदणी नंबर काय. नंबर दिला तर तो सरकारी यादीत स्वतः बघ, फोनवर बघता येतो. आमच्या एजंटाला आम्ही ते विचारलंच नव्हतं.

भावाच्या गॅरेजचं काय झालं ते कळलं की सांगेन. पुढच्या मंगळवारी भेटू.